क्लिअरचा शेवटचा हात

पेंटरला नावानं हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. चौतीस वर्षं गाड्यांच्या गॅरेजात स्प्रेगन धरली की माणसाचं नाव रंगाखाली जातं, तसं त्याचं गेलं होतं. बायकोसुद्धा शेजारणींशी बोलताना 'आमचे पेंटर' म्हणायची. गॅरेज सुटून चार वर्षं झाली तरी हाक तीच. सुटलं म्हणजे त्यानं आपणहून सोडलं नव्हतं, छातीनं सोडायला लावलं होतं. डॉक्टरनं सरळ सांगितलं होतं, "गाडीचा रंग कडक व्हावा म्हणून तुम्ही जे हार्डनर घालता ना, त्याच्या वाफेनं हे झालंय. पुन्हा ती वाफ आत गेली तर श्वासनळ्या अशा आवळतील की हा दम्याचा पंपही कामाला येणार नाही." पेंटरनं निमूट मान डोलावली आणि बाहेर आल्यावर बायकोला म्हणाला, "डॉक्टरला रंगातलं काय कळतंय!"

पण मनातून तो टरकला होता. त्या दिवसापासून त्यानं गन हातात धरली नाही. धरली ती एकदम त्या आठवड्यात.

रविवारी बारकीचा फोन आला. बारकी म्हणजे त्याची एकुलती एक मुलगी. जन्मली तेव्हा मूठभर होती म्हणून बारकी. आता तिशी ओलांडली तरी बारकीच. महिन्यातून एकदा ती आईला फोन करायची. तेवढा वेळ पेंटर शेजारच्या खोलीत टीव्हीचा आवाज बारीक करून बसायचा आणि आपण ऐकतच नाही असं दाखवायचा. 'बाबा कसे आहेत' असं पाच वर्षांत एकदाही त्याच्या कानावर आलं नव्हतं.

"गिटार आहे ना गं अजून?" बारकीनं विचारलं. फोन ठेवल्यावर बायकोनं सगळं शब्दन् शब्द सांगितलं. "शनिवारी सकाळी न्यायला येतेय. पुन्हा वाजवणार म्हणाली. आणि म्हणाली, जशी आहे तशी दे, कुणी हात लावू नका."

पेंटरनं त्यातलं 'शनिवारी येतेय' एवढंच ऐकलं. माणसाला जे हवं असतं तेवढंच ऐकू येतं, त्यात पेंटर काही वेगळा नव्हता.

"गिटारसाठी येतेय ती, आपल्यासाठी नाही," बायको म्हणाली.

"गिटारसाठी का होईना, घरात तर येईल! येईल, बसेल, चहा घेईल." पुढचं तो बोलला नाही. एकदा 'बाबा' म्हणेल, एवढंच त्याला हवं होतं. बाकी जगाकडून त्याचं काही मागणं राहिलं नव्हतं.

पाच वर्षांपूर्वी काय झालं ते त्या घरात तिघांनाच माहीत होतं आणि तिघंही त्यावर गप्प होते. बारकीनं चांगली पक्की नोकरी सोडली आणि गिटार घेऊन चार पोरांच्या बँडमध्ये जाते म्हणाली. पेंटर आधीच तापट, त्यात त्या दिवशी गॅरेजात कुणाशी तरी वाजलेलं. शब्दानं शब्द वाढला. त्यानं भिंतीला टेकलेली गिटार उचलली आणि फेकली. बारकीनं ती वाचवायला हात पुढं केला. गिटार दगडी ओट्याच्या कडेवर आपटली आणि मध्ये तिची डाव्या हाताची करंगळी आली. हाडाच्या डॉक्टरकडे पेंटरनंच सांगितलं, "दारात बोट सापडलं." बारकी भिंतीकडे बघत बसली. गिटारीचं काय झालं असं कुणी विचारलं की घरातून एकच उत्तर जायचं, पडली. महिन्याभरानं प्लास्टर निघालं. करंगळी वाकडी जुळली होती, मिटेना. त्याच आठवड्यात बारकी घर सोडून गेली आणि गिटार कपाटावर राहिली.

आता गिटार खाली आली. पेंटरनं खोळीची चेन उघडली. समुद्रासारखी निळी बॉडी, वर पांढरी प्लास्टिकची पट्टी. आणि खालच्या कडेला तळहाताएवढी जखम. रंगाचा टवका उडालेला, लाकूड चेपलेलं, तिथून एक तडा बोटभर वर गेलेला. पाच वर्षांत त्यानं ते एकदाही पाहिलं नव्हतं. आता पाहिलं आणि नजर बाजूला नेली. पण पेंटरच तो! दुसऱ्या क्षणाला डोळे मोजायला लागले. पुट्टी किती, प्रायमर किती, रंगाचे हात किती.

"अहो, ती जशी आहे तशी द्या म्हणालीय," बायको म्हणाली.

"सगळी गिऱ्हाइकं तसंच म्हणतात. ठोकलेली गाडी घेऊन येतात आणि म्हणतात, जरा बरी दिसेल एवढं करा. नवी कोरी करून दिली की डोळ्यांत पाणी येतं त्यांच्या. अगं, कुठं लागलं होतं ते तिला शोधून सापडणार नाही असं करतो."

त्याच्या धंद्याचा सगळा अभिमान या एका वाक्यात होता. गॅरेजात म्हणायचेच, डेंटरनं ठोकायचं आणि पेंटरनं झाकायचं. चौतीस वर्षं तो लोकांचे अपघात पुसत आला होता. दारूच्या नशेत खांबाला घातलेल्या गाड्या, बापाला न सांगता नेलेल्या गाड्या, एकदा तर कुणाला तरी उडवून आलेली गाडीही. संध्याकाळी गाडी अशी बाहेर पडायची की जणू काही घडलंच नाही. मग एवढंसं लाकूड ते काय?

सोमवारी त्यानं गिटार उघडली. तारा काढल्या, चार स्क्रू सोडवून दांडा वेगळा केला. पट्टी काढली तर तिच्या पोटात वायरींचा गुंता! गाडीच्या वायरिंगला हात न लावणारा माणूस तो. त्यानं पुठ्ठ्यावर चित्र काढलं, काळी इथं, पांढरी तिथं, आणि एकेक टाका सोडवला. स्क्रू डबीत गेले. पट्टीखाली जिथं ऊन कधी पोचलं नव्हतं तिथला रंग अजून ताजा होता. बारकीनं पहिल्या पगारातून गिटार आणली तेव्हा ती अशी दिसत होती. हाच रंग आणायचा, त्यानं ठरवलं.

मंगळवारी मागच्या खोलीत घासकाम. आधी ऐंशी नंबरचा कागद, मग एकशेवीस, मग पाणी लावून चारशे. उजव्या हाताचा कोपर जिथं टेकतो तिथं रंग झिजून लाकडापर्यंत आला होता. वर्षानुवर्षं बारकी तिथं हात ठेवून बसली होती. त्यानं तेही घासून सारखं केलं. चेपलेल्या जागी ओला कपडा ठेवून इस्त्री फिरवली, लाकूड थोडं फुगून वर आलं, उरलेलं पुट्टीनं भरलं. वाळल्यावर पुन्हा घासलं, डोळे मिटून बोटं फिरवली. पेंटर डोळ्यांनी नाही, बोटांनी बघतो. बोटांना काही लागलं नाही तेव्हाच तो उठला. त्या दिवशी तो जेवताना शीळ वाजवत होता. बायकोला ते बघून बरंही वाटलं आणि धास्तीही वाटली.

"हार्डनर घालणार नाही ना?" तिनं विचारलं.

"छे गं! डब्यातलं साधं लॅकर मारतो. वेडा आहे का मी?"

आणि खरंच त्यानं बुधवारी साधंच मारलं. आधी निळा, वर लॅकर. रंग जुळला होता, चकाकी होती. गुरुवारी सकाळी त्यानं कडेला, जिथं दिसणार नाही तिथं, नख दाबलं. नखाची कोर उमटली. दुसऱ्यांदा दाबलं, दुसरी उमटली. दोन-तीन आठवडे ठेवलं असतं तर घट्ट झालं असतं, पण शनिवार परवावर आला होता. बारकी गिटार छातीशी धरणार आणि शर्टाची वीण रंगावर छापली जाणार. तिनं नुसता अंगठा टेकवला तरी ठसा राहील. म्हणजे पेंटरच्या हातचं काम, आणि तेही पोरीसाठी केलेलं, कच्चं!

शहाण्या माणसानं इथं थांबावं. मऊ तर मऊ, सांगावं पोरीला, जरा जपून धर. पण सुंभ जळतो, पीळ जळत नाही. त्यानं डेंटरला फोन लावला.

डेंटर गॅरेजात त्याच्या शेजारी पंचवीस वर्षं हातोडी मारत होता. दुपारी तो छोटा कॉम्प्रेसर, गन आणि दोन डबे घेऊन आला. डबे खाली ठेवले, पण हात कडीवरून काढेना.

"पेंटर, तुला बंदी आहे ना याची?"

"दोनच हात मारायचेत. एवढीशी बॉडी आहे, गाडी नाही."

"मास्क आहे का? ते डबडेवालं, गाळणीचं?"

"आहे," पेंटर म्हणाला. त्याच्याकडे रुमाल होता.

"मी मारू का? माझा हात काही तुझ्यासारखा नाही, पण..."

"तू ठोक बाबा. रंगाला तुझा हात लागला तर पोरगी मलाच नावं ठेवेल."

डेंटर हसला आणि गेला. पुढं कितीतरी दिवस तो स्वतःला शिव्या देत राहिला, पण तेव्हा हसला.

पेंटरनं बायकोला तिच्या बहिणीकडे पाठवलं. मागच्या खोलीची जमीन पाण्यानं ओली केली, म्हणजे धूळ बसते. खिडकी लावली, फटीत ओले कागद कोंबले, दाराखाली फडकं सारलं. डॉक्टरनं वाफेला भ्यायला सांगितलं होतं, पण पेंटरची जात धुळीला भिते. क्लिअर म्हणजे रंगावरचा चकाकीचा पारदर्शक थर, तो ओला असताना त्यावर धुळीचा एक कण बसला की सगळं काम वाया. त्या खोलीत एक कण येणार नव्हता, आणि एक कण हवासुद्धा.

कालचं लॅकर त्यानं आधीच घासून काढलं होतं. बॉडी छताच्या हुकाला तारेनं टांगली होती, दांडा बसायची खाच चिकटपट्टीनं झाकली होती, म्हणजे रंग साचून दांडा अडायला नको. रुमाल बांधला. निळ्याचे हात झाले. मग क्लिअरमध्ये हार्डनर मोजून ओतलं, काडीनं ढवळलं. तो वास आला आणि त्याला आपलं तरुणपण आठवलं, खोटं कशाला बोला. पहिला हात मारला. दहा मिनिटं थांबून दुसरा. दोनच मारायचे होते. पण कडेला, जिथं टवका होता तिथं, उजेडात जरासं खोल वाटलं. कदाचित नव्हतंही. त्यानं तिसरा हात मारला.

संध्याकाळपर्यंत काहीच झालं नाही. "बघ, डॉक्टरला काय कळतंय," असं तो स्वतःशीच म्हणाला. रात्री जेवणानंतर छाती घट्ट झाली. पंप घेतला, सुटली. पुन्हा आवळली. बायकोला बहिणीकडून येताच घरात वास आला होता. ती सगळ्या खिडक्या उघडत फिरली होती. आता ती उशाशी येऊन बसली.

"उठा. दवाखान्यात चला."

"शनिवारी. ती येऊन गेली की लगेच."

"तोवर काही झालं म्हणजे?"

"ठेवून घेतील गं मला तिथं. ती येईल आणि मी नसेन. पाच वर्षांनी येतेय." तो दम घेऊन म्हणाला, "आणि तिला सांगायचं नाही. माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घे. कीव येऊन बसलेली मला नको."

बायकोनं शपथ घेतली. नवऱ्याचा हट्ट मोडणं तिला लग्नाला छत्तीस वर्षं होऊनही जमलं नव्हतं, आणि याचा तिला पुढं फार राग आला.

शुक्रवारी तो बसूनच काम करत होता. नख दाबून पाहिलं, काही उमटलं नाही. दोन हजार नंबरचा कागद पाण्यातून फिरवला, मग पॉलिश. दर पाच मिनिटांनी थांबायचं, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकायचे, श्वास गोळा करायचा. बायको पुठ्ठा धरून उभी राहिली आणि सांगत गेली, "काळी इथं, पांढरी तिथं." संध्याकाळी गिटार उभी राहिली तेव्हा खोलीतला दिवा तिच्यात जसाच्या तसा दिसत होता. बायकोनंही बोट फिरवून पाहिलं. कुठं लागलं होतं ते तिला सापडलं नाही.

शनिवारी दहाला बारकी आली. केस कापलेले, अंगानं भरलेली. दारात आईच्या गळ्यात पडली. पेंटर खुर्चीत दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. त्याच्याकडे पाहून तिनं मान हलवली. तो उठला नाही. उठलाच असता तर उभं राहायला श्वास पुरला नसता. पण तिला ते कसं कळावं? तिला वाटलं, ताठा तसाच आहे.

"बस ना. चहा टाकते," आई म्हणाली.

"टॅक्सी थांबलीय, आई." तरीही ती बसली. खुर्चीच्या कडेवर का होईना, बसली. पेंटरला तेवढ्यानंही भरून आलं.

आईनं खोळ आणून तिच्या मांडीवर ठेवली. बारकीनं चेन उघडली, आणि थांबली. एखाद्या अनोळखी माणसानं आपल्या घराचं दार उघडावं तसा तिचा चेहरा झाला. मग तिचा अंगठा खालच्या कडेला गेला. एकदा फिरला, उलटा फिरला, पुन्हा फिरला. पेंटर बघत होता. असा अंगठा त्यानं शेकडो गिऱ्हाइकांचा पाहिला होता आणि दर वेळी अशा क्षणी तो हसायचा. आताही हसला.

"बघ, कळतसुद्धा नाही कुठं पडली होती," आई घाईघाईनं म्हणाली.

"पडली नव्हती, आई." बारकीचा आवाज शांत होता. "तू मला फोनवर हो म्हणालीस. जशी आहे तशी."

"त्यांनी किती मेहनत केलीय गं..."

"दिसतंय ना." तिनं डावा हात पुढं केला आणि न मिटणारी करंगळी बापासमोर धरली. "हिलाही मारा एक हात क्लिअरचा. हीच एक राहिलीय."

पेंटरच्या चेहऱ्यावरचं हसू तिथंच राहिलं, कारण ते कसं काढावं हेच त्याला सुचेना.

"त्या दिवशी काय झालं ते या घरात कोणी कधी बोललं नाही," बारकी म्हणाली. "दारात बोट सापडलं, गिटार पडली. मीसुद्धा गप्प बसले. कधीकधी मलाच वाटायचं, खरंच पडली असेल. मग आठवायचं, कपाटावर ती आहे, तिच्यावर सगळं आहे. ते बघायला आले होते मी. आणि खरं सांगू? सगळ्या वाटेनं वाटत होतं, की गिटार हातात देताना तुम्ही काहीतरी बोलाल. एवढंच. मग मी राहणारही होते दोन दिवस. पिशवी आणलीय टॅक्सीत."

ती थांबली. खरोखर थांबली, त्याच्याकडे बघत. आई चहाचं भांडं हातात घेऊन दारात उभी होती.

आणि पेंटरला कळलं. इतकी वर्षं पोरीला कसली वाट बघायला लावली ते, आणि आठवडाभर आपण काय घासत बसलो तेही, सगळं एकदम कळलं. 'मी फेकली. माझं चुकलं.' चार शब्द. सकाळपासून त्याच्या एका श्वासात तीन-चारच शब्द मावत होते, म्हणजे नेमके तेवढेच. त्यानं खुर्चीचे हात घट्ट धरले, खांदे उचलले, छातीतून शिट्टी वाजली. बारकी पुढं झुकली.

"महिनाभर... उन्हात... ठेवू नको," तो म्हणाला.

चौतीस वर्षं गाडीची किल्ली देताना जे वाक्य तोंडातून जायचं, तेच गेलं. त्याला श्वास आधी मिळाला आणि शब्द मागून शोधावे लागले. जे सगळ्यात जवळ होते ते बाहेर पडले. ते ऐकून तो स्वतःच घाबरला. हात वर करून 'थांब' अशी खूण करायला गेला, पण खोकल्याची उबळ आली आणि हात तोंडावर गेला.

"बरं," बारकी म्हणाली. गिऱ्हाईक म्हणतं तसंच. तिनं चेन लावली, गिटार खांद्याला अडकवली. दारात आईच्या पाठीवरून हात फिरवला आणि उतरली.

आई चहाचं भांडं तसंच खाली टाकून मागं धावली. जिवाची आण, शपथ, सगळं विसरून जिन्यातून ओरडत गेली, "अगं, त्यांना श्वास येत नाहीये! तुझ्यासाठी..." पण खाली पोचेपर्यंत टॅक्सी वळणाला गेली होती. फोन लावला, तो वाजत राहिला. ती वर आली तेव्हा पेंटरचे ओठ निळसर पडले होते आणि डोळे दाराकडे होते. खोकला थांबला होता. त्याला कसाबसा एक श्वास मिळाला होता.

"मी फेकली," तो म्हणाला. "माझं... चुकलं."

"मला काय सांगताय!" बायको रडत ओरडली, आणि पंप त्याच्या तोंडात धरून दुसऱ्या हातानं दवाखान्याचा नंबर शोधायला लागली.